परदेशचा प्रवास पुण्यातल्या दारापासून मोजावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या आठवड्यातील पुरवणीत परदेशी जाणाऱ्यांच्या तयारीविषयी जी माहिती आली आहे, ती मी दोनदा वाचली. व्हिसाची कागदपत्रे, सामानाचे वजन, विमा, परकीय चलन, तिकडच्या हवेला साजेसे कपडे, इतकेच काय, लोणच्याची बरणी कशी बांधावी हेही त्यात आहे. मात्र ज्या शरीराला हा सगळा प्रवास सोसायचा, त्याच्या तयारीबद्दल एक ओळही नाही. मी ३४ वर्षे परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे आणि गेल्या वर्षी आमच्याच घरात जे घडले, ते अन्य कोणाच्या घरात घडू नये म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाई सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या माझ्या पुतण्याकडे निघाल्या होत्या. वय ७१, रक्तदाब गोळीने आटोक्यात, बाकी प्रकृती ठणठणीत; रोज सकाळी तळजाईची टेकडी चढून येणाऱ्या बाई. सहकारनगरमधून संध्याकाळी सहाला टॅक्सी निघाली आणि त्यांना पोहोचवायला आम्ही उभयता सोबत होतो. खंडाळ्याच्या घाटात अर्धा तास गाडी मुंगीच्या पावलाने सरकत राहिली, विमान चुकेल या धास्तीने वाटेत कुठे थांबायचे नाही असे सर्वांनीच ठरवून टाकले, आणि रात्री दहाला मुंबईत सहारच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत जाऊबाई मागच्या सीटवर मधोमध, मांडीवर पर्स घेऊन, पाय आखडून बसून होत्या. तिथे पुतण्याने आधीच सांगून ठेवलेली व्हीलचेअर आली, म्हणजे पुन्हा बसणेच. आखातातल्या एका शहरात विमान बदलताना पुन्हा व्हीलचेअर, आणि त्यानंतर १६ तासांचे दुसरे विमान, त्यात खिडकीजवळची जागा. शेजारची दोन परकी माणसे झोपलेली असताना त्यांना उठवायचे कसे, या संकोचाने त्या सबंध १६ तासांत एकदाच जागेवरून उठल्या, आणि उठावे लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणेही टाळले. मुलाच्या घरी पर्स रिकामी केली तेव्हा विमानात मिळालेल्या पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या तशाच निघाल्या, झाकणाचे सीलसुद्धा न मोडलेल्या. घर सोडल्यापासून मुलाच्या दारात पाऊल ठेवेपर्यंत ३१ तास झाले होते.

चौथ्या दिवशी त्यांची डावी पोटरी दुखू लागली. प्रवासाचा शीण असेल म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुतण्याने दोन रात्री मायेने कोमट तेल लावून पाय चोळून दिला. दुखणे सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर सहज बोलता बोलता जाऊबाई म्हणाल्या, ‘‘एकच पाय दुखतोय गं, दुसऱ्याला काही नाही.’’ मी त्यांना दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पुतण्याला फोन खाली धरायला सांगितले. उजव्या पायाचे घोट्याचे हाड नीट दिसत होते. डाव्या पायाचे हाड सुजेत बुडाले होते आणि पोटरीची कातडी ताणून चकाकत होती. तेल चोळणे तत्काळ थांबवा आणि आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्या, एवढेच मी सांगितले. शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत गुडघ्याच्या वरपर्यंत शिरेत रक्ताची गुठळी सापडली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, आणि चोळण्याने ती सुटण्याचा धोका असतो. जाऊबाई वेळेवर उपचार मिळाल्याने वाचल्या, तीन महिने रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेतल्या आणि आता पुन्हा तळजाई चढू लागल्या आहेत. मला मात्र एक गोष्ट अजून बोचते, ती ही की टॅक्सीत त्यांच्या शेजारी एक परिचारिका चार तास बसली होती आणि तिने एकदाही गाडी थांबवायला सांगितले नाही.

पायांतले रक्त हृदयाकडे परत चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते आवळतात, शिरा दाबल्या जातात, आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला पुन्हा खाली घसरू देत नाहीत. माणूस तासन्‌तास हलला नाही की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचून राहते आणि गोठू लागते. या आजाराला इकॉनॉमी क्लास सिंड्रोम असे नाव पडल्यामुळे मोठा गैरसमज झाला आहे. महागड्या जागेवर बसलेल्या प्रवाशालाही तो होतो, आणि त्यासाठी विमानच लागते असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की चार तास किंवा त्याहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग तो प्रवास विमानाचा असो, मोटारीचा, बसचा की रेल्वेचा. निरोगी माणसांमध्ये असा प्रसंग सुमारे ६००० जणांत एकावर येतो, तेव्हा घाबरून प्रवासच रद्द करण्याचे कारण नाही. पण वय, स्थूलपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग, गर्भारपण, संततिनियमनाच्या किंवा हार्मोनच्या गोळ्या आणि पूर्वी कधी झालेली गुठळी यांतले काही सोबतीला असेल, तर हा आकडा त्या माणसासाठी तेवढा दिलासादायक राहत नाही.

आता पुणेकराचा हिशेब मांडून पाहावा. लोहगावच्या पुणे विमानतळावर जुलै २०२४ पासून नवे टर्मिनल सुरू झाले, त्याचा आनंदच आहे. तरीही पुण्याहून थेट परदेशी जाणारी विमाने मोजकीच असल्याने युरोप-अमेरिकेला निघालेल्या बहुतेक पुणेकरांना मुंबई गाठावी लागते. म्हणजे मुंबईकर ज्या क्षणी विमानात बसतो, त्या क्षणी पुणेकराचे चार तासांचे बसणे आधीच होऊन गेलेले असते. तिकिटावर छापलेले तास हे विमानाचे असतात, आपल्या पायांचे नसतात. म्हणून माझे पहिले आणि सर्वांत कळकळीचे सांगणे असे की प्रवासाचे तास घराच्या दारापासून मोजावेत, घरून तासभर लवकर निघावे आणि तो तास एक्सप्रेसवेवरील फूड मॉलमध्ये खाण्यासाठी नव्हे तर चालण्यासाठी वापरावा. दहा-पंधरा मिनिटे आवारात फेऱ्या मारल्या तरी पुरे. टॅक्सी ठरवतानाच चालकाला हा थांबा सांगून ठेवला, तर त्याचीही कुरकुर होत नाही.

विमानात शक्यतो दोन रांगांमधल्या वाटेकडेची जागा घ्यावी. खिडकीतून ढग पाहण्याची हौस मी समजू शकते, पण साठी उलटलेल्या माणसाने ती दोन तासांच्या प्रवासात भागवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासातली आणखी एक बाब आपल्याकडच्या स्त्रियांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, आणि तिची चर्चा मी कुठेच ऐकली नाही. १६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या प्रवाशांना हा धोका अधिक आढळला. कारण उघड आहे: पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, लोंबकळत राहतात आणि सीटची कड गुडघ्यामागे, नेमकी शिरांवर दाबत राहते. माझ्या पिढीतल्या बहुतेक बायका या उंचीच्या आतल्याच आहेत. त्यावर उपाय घरगुती आहे. हातातली लहान बॅग पायाखाली पाटासारखी ठेवावी, म्हणजे मांड्या उचलल्या जातात आणि गुडघ्यामागचा दाब निघतो. मात्र विमान वर चढताना आणि उतरताना ती पुढच्या सीटखाली सरकवावी लागते. बसल्या जागी टाचा टेकवून चवडे वर उचलणे, मग चवडे टेकवून टाचा उचलणे, घोटे गोल फिरवणे, असे दर अर्ध्या तासाने वीस-पंचवीस वेळा करावे आणि दर दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारावी. झोपलेल्या शेजाऱ्याला उठवणे म्हणजे उद्धटपणा, असे आपल्यावर संस्कार आहेत. प्रवासाच्या सुरुवातीलाच त्याला हसून सांगून ठेवावे की मला मधूनमधून उठावे लागेल, म्हणजे मनावरचे ओझे उतरते.

पाण्याचेही तेच. पाणी कमी प्याल्यानेच गुठळी होते असा दावा मी करणार नाही, पण पाणी पिणारा माणूस स्वच्छतागृहासाठी तरी उठतो, आणि ते उठणे पायांच्या कामी येते. आपल्याकडच्या ज्येष्ठ स्त्रिया प्रवासात पाणी टाळतात, ही सवय एसटीच्या दिवसांपासूनची आहे आणि त्यामागे अस्वच्छ स्वच्छतागृहांची, अडचणीची व भिडेची फार जुनी कारणे आहेत. विमानात ती कारणे उरलेली नाहीत, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे. रिकामी बाटली सुरक्षा तपासणीतून नेता येते. ती पलीकडे भरून घ्यावी आणि थोडे थोडे पाणी पीत राहावे. मद्य टाळावे. झोपेची गोळी तर मुळीच घेऊ नये, कारण ती घेतलेला माणूस एका कुशीवर मुटकुळे करून सहा-सहा तास हलत नाही.

पोटरीला घट्ट बसणारे मोजे सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळतात आणि ज्यांना धोका अधिक आहे त्यांना ते उपयोगी पडतात. पण ते घोट्याचे आणि पोटरीचे माप देऊनच घ्यावेत. सैल मोजा काही कामाचा नाही, आणि वरची कड गुंडाळली गेलेला घट्ट मोजा दोरीने आवळल्यासारखा रक्त अडवतो. ज्यांच्या पायांच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या, अरुंद झाल्या आहेत, अनेक मधुमेही त्यांत येतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत. कोणीतरी सांगितले म्हणून आपल्या मनाने ॲस्पिरिन घेऊन निघणारेही मी पाहिले आहेत. पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हा निर्णय डॉक्टरांचाच असावा.

व्हीलचेअरविषयी जरा स्पष्ट लिहिते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ८० वर्षांच्या एका प्रवाशाला व्हीलचेअर मिळाली नाही, विमानापासून इमिग्रेशनपर्यंत चालत गेल्यावर ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याबद्दल विमान कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. ज्याला गरज आहे त्याला खुर्ची मिळालीच पाहिजे. परंतु आपल्यातले पुष्कळ आईवडील पायांसाठी नव्हे, तर मोठ्या विमानतळावर वाट चुकेल आणि अधिकाऱ्याच्या इंग्रजी प्रश्नांना उत्तर देता येणार नाही या भीतीने व्हीलचेअर मागतात, आणि मुलेही काळजीपोटी ती आरक्षित करतात. जाऊबाईंच्या बाबतीत हेच झाले होते. टेकडी चढणारी बाई विमान बदलण्याच्या चार तासांतही खुर्चीत बसून राहिली, तेव्हा तेवढ्यात त्यांच्या पायांना हवी असलेली विश्रांती, म्हणजे चालणे, आयते हातचे गेले. अशांना खुर्ची नको, सोबत हवी असते. ती देण्याची काही सोय विमान कंपन्यांनी करावी, आणि तोवर खुर्ची घेतलीच तर प्रतीक्षाकक्षात तरी मदतनिसाला सांगून उठावे आणि चालावे.

विमानातल्या हवेबद्दल बहुतेकांची समजूत अशी असते की ती जमिनीवरच्यासारखीच असते. प्रत्यक्षात विमान कितीही वर असले तरी आतला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरचे. म्हणजे आपण तिच्याहून उंच जागी रात्रभर बसलेलो असतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, पण करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर विमानात बोटाला लावून पाहिला तर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा घरच्यापेक्षा काही अंकांनी खाली दिसेल. ज्यांना दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार आहे, ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका आला आहे, ज्यांचे हिमोग्लोबिन फार खाली गेले आहे, त्यांच्यासाठी तेवढा फरकही मोठा ठरू शकतो; त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटावे, निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे. आतला दाब कमी झाला की पोटातला वायूही फुगतो, साधारण पाव ते तृतीयांश वाढतो. विमानतळावर छोले, राजमा किंवा वडे खाऊन वर थंड सोडा प्यायलेल्यांचे पोट तासाभरात तट्ट फुगते, छातीत दडपल्यासारखे होते आणि हृदयाचेच काही झाले की काय अशी घबराट उडते. त्यापेक्षा घरची दशमी किंवा मऊ भात खाऊन निघावे, नाडी सैल बांधावी, चपला-बूट किंचित ढिले असावेत.

हवा कोरडीही असते. आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या आतच असते, पुण्यातल्या एप्रिलच्या भर दुपारइतकी किंवा तिच्याहून कमी. त्यामुळे नाक-घसा सुकतो आणि डोळे चुरचुरतात. डोळ्यांत लेन्स घालणाऱ्यांनी चष्मा वापरावा. विमानात सगळ्यांची सर्दी सगळ्यांना लागते ही भीती मात्र अतिरेकी आहे, कारण आधुनिक विमानांत हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते आणि फिरवलेली हवा उत्तम प्रतीच्या गाळणीतून जाते. खरा प्रसार शेजारच्या दोन रांगांत खोकणाऱ्याकडून आणि अस्वच्छ हातांतून होतो. विमान उतरताना कान दुखतात ते कानाच्या आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळत नाही म्हणून. त्या वेळी झोपू नये, आवंढे गिळावेत, एखादी गोड गोळी चघळावी, आणि तान्ह्या बाळाला नेमके त्याच वेळी पाजावे.

औषधांच्या बाबतीत एक चूक मी वारंवार पाहिली आहे. महिनाभराच्या गोळ्या, इन्सुलिन, सगळे मोठ्या बॅगेत घालून ती बॅग काउंटरवर दिली जाते. बॅग हरवली तर औषध गेले, आणि सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिकडे कोणाला कळत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी घड्याळ बदलल्यावर कोणती मात्रा केव्हा घ्यायची हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि तेवढ्यानेही गोंधळ होतो. प्रवासात चतुर्थी किंवा एकादशी आली तर मधुमेहींनी त्या दिवसाचा उपास सोडावा, असे मी त्यांची मुलगी असते तर हक्काने सांगितले असते.

पोहोचल्यावरची काळजी तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते. मुला-मुलींकडे बाळंतपणासाठी गेलेल्या आपल्या आया दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू वळायला बसतात. शरीराचे घड्याळ बारा-तेरा तासांनी उलटे झालेले असते, आणि ते एका दिवसाला साधारण एका तासाने रुळावर येते. पहिले चार-पाच दिवस सकाळच्या उन्हात चालणे, रात्री तिथल्या वेळेनुसार झोपणे आणि स्वयंपाकघराची जबाबदारी न घेणे, एवढे मुलांनी आग्रहाने करवून घ्यावे. गुठळीचा वाढलेला धोका प्रवास संपल्यावर लगेच सरत नाही, सुमारे चार आठवडे टिकतो. त्या काळात एकच पाय सुजला, दुखू लागला, गरम किंवा लालसर झाला, किंवा अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर तेलाची बाटली आणि गरम पाण्याची पिशवी बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

पुण्यात जवळपास प्रत्येक पेठेत आणि उपनगरात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, आणि त्यांच्या सभासदांतले कितीतरी जण दर वर्षी मुलांकडे जातात. या संघांनी मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या आधी तासाभराचा एक कार्यक्रम या विषयावर ठेवावा. माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट विनामूल्य येतील, मी तर नक्कीच येईन. सहल कंपन्या निघण्यापूर्वी प्रवाशांची जी बैठक घेतात, तीत खरेदीच्या माहितीतली दहा मिनिटे पायांच्या व्यायामाला द्यावीत. मुंबईहून सुटणाऱ्या विमानांत हे व्यायाम सांगणारे चित्रमय पत्रक मराठीत असावे; मला तरी ते कुठल्या सीटच्या खिशात आजवर दिसलेले नाही. आणि आपणांस विनंती अशी की पुढच्या प्रवास पुरवणीत सामानाच्या यादीशेजारी या मजकुरातले निदान पाय, पाणी आणि औषधे एवढे तीन मुद्दे ठळक चौकटीत, मोठ्या टायपात द्यावेत, म्हणजे ते कात्रण पासपोर्टच्या पाकिटात ठेवता येईल. जाऊबाई नातवाच्या वाढदिवसाला पुन्हा निघणार आहेत. डॉक्टरांची परवानगी आणि मापाचे मोजे घेऊन झाले आहेत, वाटेकडेची जागा आरक्षित केली आहे, आणि टॅक्सीवाल्याला फूड मॉलचा थांबा मी स्वतः सांगितला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
सहकारनगर, पुणे